झुकलेले दगडी धुराडे: पाडावे, की पुन्हा बांधावे?

लातूर जिल्ह्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या शहरात शिक्षिका आहेत आणि वडील गेल्यापासून त्यांची आई गावातल्या वडिलोपार्जित माळवदी (लाकडांवर मातीचे सपाट छप्पर असलेल्या) घरात एकटीच राहते. स्वयंपाकघरावर आजोबांच्या काळातले काळ्या दगडाचे धुराडे आहे. ते माळवदाच्या वर ५ फूट उंच, बाहेरून ३ फूट चौरस आणि आतून सुमारे १ फूट चौरस मोकळे आहे. गेल्या काही पावसाळ्यांपासून ते अंगणाच्या बाजूला कलले असून दर्जा (दगडांमधले सांधे) मोकळ्या झाल्या आहेत, सांध्यात पिंपळ उगवला आहे आणि पाऊस लागला की चुलीवर काळे पाणी ठिबकते. पुण्यातला भाऊ म्हणतो, धुराडे आणि माळवद दोन्ही काढून स्लॅब टाकू. गावातला गवंडी म्हणतो, सिमेंट भरून बाहेरून गिलावा केला की आठवड्याभरात काम होईल. आई म्हणते, मी आहे तोवर चूल मोडायची नाही. पत्रलेखिकेला स्वतःला ते होते तसे दगडातच पुन्हा उभे करावेसे वाटते, परंतु १९९३ च्या भूकंपात त्यांची आत्या गेली आणि तेव्हापासून घरात दगडाची धास्ती आहे. त्या विचारतात, “हे दगड ठेवणे म्हणजे आईच्या डोक्यावर संकट ठेवणे तर नाही ना? आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीने माहेरच्या घराबाबत किती बोलावे?”

तुमच्या पत्रात चार माणसांची चार उत्तरे आहेत. धुराडे कशाने झुकले आणि पाणी कोठून येते, हे मात्र त्यात कोठेच नाही, आणि मला वाटते की घरातला तुमचा वाद मिटत नाही तो यामुळेच. ‘पाडावे की राखावे’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा आणि बिघडले आहे ते नेमके काय, हे आधी शोधावे. माळवदाच्या वर दिसणारे धुराड्याचे डोके, माळवदाच्या लाकडांतून जाणारा त्याचा गळा आणि ज्या भिंतीवर हे सगळे उभे आहे ती भिंत, हे तीन वेगळे भाग आहेत. त्या तिघांना एकच निवाडा लागू होईल असे मुळीच नाही.

त्याआधी आजच करायचे काम सांगते, कारण ते थांबू शकत नाही. तुम्ही दिलेल्या मापांवरून दर फूट उंचीला ८ घनफूट, म्हणजे ५ फुटांत ४० घनफूट दगडकाम होते. काळ्या दगडाच्या बांधकामाचे वजन घनमीटरला २.४ टन धरले, तरी हे ओझे अडीच टनांच्या वर जाते. एवढे वजन कलले असताना त्याच्या खाली चूल पेटवणे योग्य नाही. आईची चूल तूर्त परसात किंवा पडवीत हलवावी. त्या खणात, म्हणजे धुराड्याखालच्या खांब-तुळयांमधल्या जागेत, आणि त्या भिंतीलगत कोणीही झोपू नये. धुराडे ज्या बाजूला कलले आहे त्या अंगणात भिंतीच्या उंचीइतकी जागा मोकळी ठेवावी आणि तेथे जनावरेही बांधू नयेत. दोर लावून धुराडे सरळ ओढण्याचा किंवा पिंपळ मुळासकट उपटण्याचा सल्ला कोणी ना कोणी देईलच, पण तो ऐकू नका. पिंपळाची मुळे सांध्यात खोल गेलेली असतात आणि ती उपटताना दगडही सोबत येतात. वरचा शेंडा कापावा आणि मुळे दगड उतरवताना काढावीत.

आता दगडाच्या धास्तीविषयी. ज्या घरातले माणूस गेले त्या घराला ही भीती सोडा असे सांगण्याचा अधिकार मला नाही. मात्र तिचा रोख कोठे असावा हे बोलता येईल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, किल्लारीचा ६.२ परिमाणाचा भूकंप झाला आणि लातूर व धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे दगड-मातीखाली गेली. त्या भिंती दगडाच्या होत्या हे खरे. तरीही त्या पडल्या कशा, हे पाहिले तर दगडाहून त्याच्या बांधणीचा दोष मोठा दिसतो. आपल्याकडची जाड भिंत पुष्कळदा दोन पातळ भिंतींची असते. बाहेरून एक दर्शनी थर, आतून दुसरा, आणि मधल्या पोकळीत चिपा, गोटे आणि माती. या दोन थरांना एकमेकांशी बांधणारा आरपार दगड बहुधा नसतो. जमीन हलली की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येते आणि ती फुटते. त्यात दर पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकून चोपण्याची आपली रीत होती, जुनी माती उतरवण्याची मात्र नव्हती. एका फुटाचा मातीचा थर कोरडा असतानाही एका चौरस मीटरवर जवळजवळ ५०० किलो भार टाकतो, आणि पिढ्यानपिढ्या चढत गेलेले थर दोन फुटांवर गेले की तो टनाच्या घरात जातो. त्याच रात्री अनेक घरांत भिंती कोसळल्या, परंतु लाकडी खांब आणि तुळयांचा खण उभा राहिला व त्याखालची माणसे वाचली, हेही आपल्या भागातल्या जाणत्यांना आठवत असेल. औसा, उदगीर आणि परांडा येथल्या किल्ल्यांचे तटही दगडाचेच आहेत. त्यामुळे तुमच्या भीतीला मी ‘दगड’ या शब्दाऐवजी तीन ठिकाणे दाखवीन: मातीत रचलेली सुटी भिंत, माळवदावर साचलेली माती, आणि छपराच्या वर एकटा उभा राहणारा जड भाग. तुमचे धुराडे या तिसऱ्या प्रकारात येते. भूकंपात कठडे आणि धुराडी सर्वांत आधी पडतात, कारण त्यांना कोणत्याही बाजूने आधार नसतो आणि घराच्या माथ्यावर हेलकावा सर्वांत मोठा असतो.

गवंड्याचा उपाय मला नको वाटतो. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या गवंड्यांच्या दोन पिढ्या सिमेंटवरच शिकल्या आहेत आणि जे येते ते तो सुचवतो आहे. अडचण अशी की काळा दगड पाणी फारसे पीत नाही. पाणी शिरते ते दर्जांतून, आणि वाळायचे तर तेही दर्जांतूनच. मऊ मातीच्या किंवा चुन्याच्या सांध्यावर सिमेंटचा कडक थर दिला की उन्हाने आणि चुलीच्या धगीने दगड फुगतो-आकसतो, तेव्हा त्या थराच्या कडेला केसासारखी फट पडते. त्या फटीतून पाणी आत जाते, पण सिमेंट त्याला बाहेर पडू देत नाही. आतली माती ओली राहते, मऊ होते आणि बाहेरून गुळगुळीत दिसणारे धुराडे आतून पोकळ होत जाते. शिवाय गिलाव्याने कल काही कमी होत नाही. उलट वजन वाढते आणि पुढच्या भेगा झाकल्या जातात, हे मला सर्वांत धोक्याचे वाटते.

आता निदानाकडे येऊ. गळतीची परीक्षा कोरड्या दिवसांत करावी, कारण पावसात सगळेच ओले असते आणि काहीच कळत नाही. धुराडे झुकलेले असल्याने ही परीक्षा कलाच्या विरुद्ध बाजूने, जाणत्या माणसाला सोबत घेऊन करावी. नळीने आधी फक्त धुराड्याच्या पायाशी, माळवद आणि दगड जेथे मिळतात त्या रेषेवर अर्धा तास पाणी सोडावे आणि खाली एकाने बसून पाहावे. तेथे काही आले नाही तर दुसऱ्या दिवशी दगडांच्या अंगावर, आणि तरीही नाही तर वरच्या तोंडात थोडे पाणी टाकावे. एकाच दिवशी सगळीकडे पाणी ओतले तर वाट ओळखता येत नाही. चुलीवर ठिबकणारे पाणी काळे आहे, यावरून ते काजळी धुऊन आतल्या बाजूने उतरते असा माझा अंदाज आहे. म्हणजे उघड्या तोंडातून सरळ पडणारा पाऊस हेच मोठे कारण असू शकते, आणि तसे असेल तर साध्या झाकणाने निम्मी तक्रार संपेल. भिंतीवर तांबूस-पिवळे ओघळ दिसत असतील तर मात्र पाणी माळवदाच्या मातीतून येत आहे. मग दोष धुराड्याचा नसून त्याच्या भोवतीच्या सांध्याचा आणि माळवदाच्या उताराचा आहे.

कलाची परीक्षा ओळंब्याने, म्हणजे वजन बांधलेल्या दोरीने, होते. धुराड्याच्या कोपऱ्यावर आणि खालच्या भिंतीवर, आतून व बाहेरून, वेगवेगळा ओळंबा सोडावा. भिंत सरळ असून फक्त वरचा भाग सुटला असेल तर काम मर्यादित आहे. भिंतीलाच पोट आले असेल, बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल किंवा तुळईचे टोक भिंतीतून सरकलेले दिसत असेल, तर येथे लिहिलेले पुढचे सगळे बाजूला ठेवून आधी स्थापत्य अभियंत्याला बोलवावे आणि त्या खणाला लाकडी टेकू द्यावेत. घरात जेथे भेग आहे तेथे काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवून तिच्यावर तारीख लिहावी. पट्टी तडकली तर हालचाल अजून चालू आहे. ही युक्ती स्वस्त आहे आणि भावाशी बोलताना कोणत्याही युक्तिवादाहून जास्त उपयोगी पडेल.

गळ्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. विजेरी घेऊन खालून वर पाहावे आणि किलच्या (तुळयांवरची छोटी आडवी लाकडे), तुळया व दगडी गळा यांत किती अंतर आहे ते तपासावे. लाकूड दगडाला टेकलेले असेल, आणि जुन्या घरांत ते पुष्कळदा टेकलेले असते, तर सांध्यातून सुटलेली एखादी ठिणगी किंवा पेटलेली काजळी त्या लाकडापर्यंत पोचू शकते. किमान २ इंचांची जागा मोकळी हवी. जेथे लाकूड काळे पडून कोळशासारखे ठिसूळ झाले आहे, तेथे ते बदलल्याशिवाय पुन्हा चूल पेटवू नये.

तुमच्या आईच्या हट्टाविषयी मला थोडे वेगळे वाटते. तुम्ही आणि तुमचा भाऊ, दोघेही तो आठवणींचा हट्ट आहे असे गृहीत धरता. फरक इतकाच की तुम्हाला तो राखावासा वाटतो आणि भावाला अडचणीचा वाटतो. त्यांना एकदा शांतपणे विचारा की चूल कशासाठी हवी आहे. शेतातल्या तुराट्या आणि पऱ्हाट्या फुकट मिळतात आणि सिलिंडर मात्र विकत घ्यावा लागतो, हे कारण असू शकते. भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर आणि चहा-भाजी गॅसवर, अशी वाटणी त्यांनी केव्हाच करून ठेवली असेल. कदाचित त्यांना घरात होणारी पाडापाड नको असेल आणि चुलीचे फक्त निमित्त असेल. उत्तराप्रमाणे काम बदलते. मात्र एक गोष्ट भावाला स्पष्ट सांगा: धुराडे काढायचे आणि चूल तशीच ठेवायची, हा सर्वांत वाईट पर्याय आहे. घरातल्या चुलीच्या धुराने जगभरात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे दगावल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. स्लॅबच्या बंद खोलीत सवणेही (उजेड-धुरासाठी छपरात ठेवलेले भोक) नसते आणि धुराडेही नसते, त्यामुळे सगळा धूर तुमच्या आईच्या छातीत जाईल.

स्लॅबच्या प्रस्तावात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पाच इंची स्लॅबचे वजन जुन्या जाड माळवदाहून कमीच भरते. परंतु मातीत रचलेल्या जुन्या भिंतींवर नुसता स्लॅब ठेवणे म्हणजे कमकुवत पायांवर अखंड पाट ठेवण्यासारखे आहे. पाय सरकले की पाट एकसंध खाली येतो, आणि खण वाचवतो तसा तो कोणाला वाचवत नाही. स्लॅब हवाच असेल तर त्याच्यासाठी नवे खांब, नवा पाया आणि तुळयांचा वेगळा सांगाडा हवा, म्हणजे जवळजवळ नवे घर हवे. भावाची चिंता खरी आहे आणि पैसे घालायची तयारीही खरी आहे, तर ते पैसे माळवदावरची जादा माती उतरवण्यात आणि भिंतीला आरपार बांधण्यात घाला, असे मी त्यांना सुचवीन. एक फूट माती उतरली तर १० चौरस मीटरच्या खोलीवरून जवळजवळ ५ टन भार कमी होतो. जाड मातीच्या जागी पातळ थर ठेवून त्यावर चुन्याचा कोबा (चोपून केलेला थर) करून पाण्याला नीट उतार द्यावा. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरण्याची पद्धत भूकंपानंतरच्या दुरुस्ती कार्यक्रमात आपल्याच जिल्ह्यात वापरली गेली. दगडी भिंतीसाठीचे भारतीय मानक १३८२८ उभ्या अंतरात दर ६० सेंटिमीटरला आणि आडव्या अंतरात १.२ मीटरच्या आत असा बंध मागते. अनुभवी अभियंत्याच्या देखरेखीशिवाय मात्र जुन्या भिंतीला भोक पाडू देऊ नका.

आता धुराड्याचा निवाडा. तुमच्या मनातला पर्याय, म्हणजे ५ फुटांचे डोके पुन्हा दगडातच उभारणे, मी सुचवणार नाही. ते दिसायला सुंदर असेल, चुन्यात बांधले तर पावसालाही टिकेल, पण अडीच टनांचा निराधार भार पुन्हा तुमच्या आईच्या चुलीवर येईल. माझे मत असे आहे की डोके माळवदापर्यंत हाताने उतरवावे, गळा दगडाचाच ठेवून चुन्यात पक्का करावा, माळवदाच्या वर सांधा झाकण्यापुरते फूटभर दगडकाम ठेवावे आणि त्याच्यावर पत्र्याचा हलका पाइप उभा करावा. दगडी गळा ठेवण्याचे कारण सजावट नव्हे. तापलेल्या उघड्या पत्र्याच्या पाइपापासून लाकूड दीड फूट तरी लांब लागते आणि माळवदाच्या किलच्यांत तेवढी जागा मिळत नाही. म्हणून लाकडांतून जाताना दगड आणि उघड्या हवेत पत्रा, अशी वाटणी योग्य ठरते.

पाइपाचे माप अंदाजाने ठरवू नका. बाजारात सहज मिळतो म्हणून चार इंची पाइप लावण्याची रीत आहे आणि मग धूर घरातच फिरतो. चुलीवर दगडी आच्छादन असून समोरचे तोंड उघडे असेल, तर धुराच्या वाटेचे क्षेत्रफळ त्या तोंडाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतके लागते. तोंड ३ फूट रुंद आणि अडीच फूट उंच असेल तर पाऊण चौरस फूट, म्हणजे १२ इंच व्यासाचा पाइप हवा. उंची माळवदापासून किमान ३ फूट ठेवावी, आणि १० फुटांच्या आत जिन्याची खोली किंवा कठडा असेल तर त्याहून २ फूट अधिक. नाहीतर वारा त्यावर आदळून धूर उलटा फिरवतो. शक्य असेल तर गंज न चढणाऱ्या पोलादाचा पत्रा घ्यावा, तीन बाजूंनी तारेचे ताण द्यावेत आणि टोकावर पावसाची टोपी बसवावी. टोपी आणि पाइपाचे तोंड यांत व्यासाच्या निम्मे तरी अंतर सोडावे. जुन्या निर्धूर चुलींसोबत येणारे ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पाइप कोणाच्या परसात पडलेले असतील, तर ते फुकट मिळाले तरी घेऊ नयेत, कापू तर मुळीच नयेत. त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते. प्लॅस्टिकचा पाइप लावू नये हे सांगायला नको, तरीही लोक लावतात म्हणून सांगते.

दगड उतरवताना वरून खाली, एका वेळी एक थर, आणि दगड अंगणात न टाकता दोराने उतरवावेत. मचाण धुराड्याला टेकवू नये, ते स्वतंत्र उभे करावे. उतरलेले घडीव दगड माळवदावर रचून ठेवू नका, कारण तोच भार आपण कमी करत आहोत. त्यांचा अंगणात ओटा करता येईल, किंवा एखाद्या भिंतीला पोट आले असेल तर तिच्या दुरुस्तीत आरपार बसतील असे लांब दगड त्यांतून निवडता येतील. दगडकाम जाणणारे वडार समाजातले वयस्क कारागीर अजून बहुतेक तालुक्यांत आहेत. मंदिराच्या किंवा किल्ल्याच्या दुरुस्तीवर ज्याने चुन्याचे काम केले आहे असा माणूस शोधावा आणि त्याचे पूर्वीचे काम, शक्यतो दोन पावसाळे पाहिलेले, स्वतः जाऊन पाहावे.

चुन्याबाबत थोडे सविस्तर सांगते, कारण फसगत येथेच होते. भिंती रंगवायला मिळणारा पिशवीतला चुना बांधकामाला चालत नाही. त्याने उघड्यावर राहून हवेतला कर्बवायू आधीच घेतलेला असतो आणि त्याची बांधण्याची ताकद गेलेली असते. ताजी चुनकळी (भाजलेला, न विरवलेला चुना) आणून पाण्यात विरवावी, चाळावी आणि वर पाणी ठेवून काही आठवडे मुरू द्यावी. विरवताना ती उकळते आणि उडते, म्हणून चष्मा, हातमोजे आणि मुलांना दूर ठेवणे आवश्यक आहे. डोळ्यात गेली तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा. मुरलेल्या चुन्यात सुरखी (विटांची पूड) मिसळावी लागते, कारण नुसता चुना फार सावकाश कडक होतो आणि ओलीत तो कडक होत नाही. १ भाग चुना, १ भाग सुरखी आणि २ भाग स्वच्छ चरबरीत वाळू हे प्रमाण सर्वसाधारणपणे वापरले जाते. सुरखी कमी भाजलेल्या विटांची चांगली. पूर्ण भाजलेल्या लाल-काळ्या विटांची पूड चुन्याशी फारशी मिसळत नाही, ती फक्त वाळूचे काम करते. गूळ, बेलफळ आणि हिरड्याच्या पाण्याची चर्चा फार होते. त्यांचा काही उपयोग आहे, पण मुरलेला चुना, खरी सुरखी आणि कामानंतरची ओल ही तीन नसतील तर गुळाने काहीही वाचत नाही, आणि कारागीर गुळाविषयीच जास्त बोलू लागला तर मी सावध होते.

हंगामही महत्त्वाचा आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चुना बांधण्याआधीच वाळून भुगा होतो आणि पावसाळ्यात तो धुऊन जातो. दिवाळीनंतर माघापर्यंतचे दिवस योग्य. म्हणून चुनकळी दसऱ्याच्या आसपास विरवून ठेवावी. बांधलेल्या भागावर ओले गोणपाट टाकून किमान दोन आठवडे सावली आणि ओल द्यावी. गवंड्याला रोजाने ठरवले तर घाई होत नाही. अंगावर, म्हणजे पूर्ण कामाच्या एकाच रकमेवर, ठरवले तर गोणपाट पहिल्याच आठवड्यात उचलले जाते.

माहेरच्या घराबाबत मुलीने किती बोलावे, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांबवण्याची गरज नाही. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या कायदा-दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सणावाराला येऊन ते धुराडे पाहणाऱ्या आणि आईकडे वरचेवर जाणाऱ्या तुम्हीच आहात. मात्र भावाशी बोलताना ‘वाडा राखायचा’ हा मुद्दा पुढे करू नका. ओळंब्याची मोजमापे, काचेच्या पट्टीचा फोटो आणि मातीचा भार कमी करण्याचा हिशेब पुढे ठेवा. सुरक्षितता त्यांना हवीच आहे. त्यांना दोष देण्याऐवजी त्यांच्याच काळजीला नेमके काम दिले, तर खर्चाची वाटणीही सोपी होईल असे मला वाटते.

अशाच घरांत राहणाऱ्या, पण चूल बंद झालेल्या इतर वाचकांनाही येथेच सांगते. वापरात नसलेल्या धुराड्याचे तोंड सिमेंटने बुजवू नका. आत कोंडलेली ओल भिंतीत उतरते. वरचा भार कमी करून त्यावर जाळीची, हवा जाईल अशी टोपी बसवावी, म्हणजे पाणी आणि पारवे दोन्ही बाहेर राहतात. ज्यांच्या माळवदाला धुराडे नसून फक्त सवणे आहे, त्यांनी ते काचेने पूर्ण बंद करून खाली चूल चालू ठेवण्याची चूक करू नये. उजेड मिळतो, पण धुराला वाट राहत नाही.

काम पूर्ण झाल्यावर चूल लगेच भाकरीला घेऊ नका. गोणपाट काढल्यानंतरही आणखी दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि मग काही दिवस मूठभर तुराट्यांचा लहान जाळ करून गळा हळूहळू तापवावा. एकदम मोठा जाळ केला तर आतली ओल वाफ होऊन सांधे फोडते. त्यानंतर एकदा धुराची परीक्षा करावी. दारे-खिडक्या उघड्या ठेवून चुलीत ओलसर गोवरी पेटवावी, वर पाइपाचे तोंड क्षणभर ओल्या गोणपाटाने झाकायला सांगावे आणि माळवदाच्या खालून, विशेषतः किलच्यांच्या कडेने, धूर कोठे फुटतो ते पाहावे. जेथे फुटेल तेथे खडूने खूण करून दर्जा पुन्हा भरून घ्यावी, आणि कारागिराचे शेवटचे पैसे ही परीक्षा झाल्यावरच द्यावेत, असे आधीच ठरवून ठेवावे. दरवर्षी मृगाच्या आधी पाइप उतरवून काजळी झाडावी. ओले लाकूड जाळण्याची सवय असेल तर दिवाळीतही एकदा झाडावी, कारण ओल्या लाकडाची काजळी डांबरासारखी चिकटून बसते आणि पेटली तर बाहेरून विझवता येत नाही.